पाच कोटी अंडी, दोन वारस

५ कोटी

गुढीपाडव्याच्या सकाळी गुढी उभारून झाली की एक मोजणी सुरू करायची, अशी कल्पना करा. पॅसिफिक कालव या शिंपल्याच्या एका मोठ्या मादीनं एका हंगामात सोडलेली अंडी मोजायची, दर सेकंदाला एक या वेगानं. जेवायला थांबायचं नाही, रात्री पाठ टेकायची नाही. पाऊस येईल, गणपती येतील, दिवाळी होईल, पुन्हा पाडवा येईल, पुन्हा पाऊस पडेल. पाच कोटींचा आकडा तोंडातून बाहेर पडेल तेव्हा दारात दुसऱ्या दिवाळीचा आकाशकंदील लागलेला असेल. एकोणीस महिने लागतील. आणि पाच कोटी हा काही तिचा विक्रम नव्हे. तिची मजल एका हंगामात दहा कोटींपर्यंत जाते.

ही पाच कोटी अंडी एकापुढे एक मांडली तर अडीच किलोमीटरची रांग होईल, म्हणजे मुंबईच्या मरीन ड्राइव्हचा जवळजवळ दोन तृतीयांश किनारा. तीच अंडी एकत्र गोळा केली तर चहाचा एक चमचा जेमतेम भरेल. कारण एकेक अंडं मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढं.

ओहोटीला कोकणच्या खडकांवर उकिडवं बसून बायका कालवं फोडतात. तासन्‌तास खपल्यावर भांड्यात दोन-चार मुठी मांस जमतं. ती कालवं पॅसिफिक कालवांच्याच कुळातली. त्या भांड्यातला एकेक घास कोट्यवधी अंड्यांच्या गर्दीतून वाट काढून आलेला असतो. ज्याची अंडी कोटींनी मोजायची, त्या जिवाला वंश बुडायची भीती कसली, असं सहज वाटून जातं. आपला हिशेब चुकतो तो इथेच.

२

समजा, ही मादी पाच हंगाम जगली आणि दर हंगामाला तिनं पाच कोटी अंडी सोडली. जन्मभराची बेरीज पंचवीस कोटी. आता प्रश्न असा, की कालवांची संख्या वाढू नये आणि घटूही नये, यासाठी या पंचवीस कोटींपैकी किती पिल्लांनी मोठं होऊन पुढची पिढी जन्माला घालायला हवी? उत्तर आहे दोन. एक आईच्या जागी, एक बापाच्या जागी.

पंचवीस कोटींतून दोन म्हणजे साडेबारा कोटींतून एक. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती. गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या प्रत्येक माणसाच्या नावाची चिठ्ठी एका हंड्यात टाकावी आणि डोळे मिटून एकच उचलावी, तसा हा प्रकार. ती एक चिठ्ठी म्हणजे मोठं झालेलं कालव.

मग बाकीची जातात कुठे? काही अंड्यांना शुक्रजंतू भेटतच नाही, कारण कालवांमध्ये मीलन होतं ते उघड्या पाण्यात, नर-मादीनं एकमेकांना न शिवता. जी फळतात त्यांतली बरीचशी मासे, जेलीफिश, कोळंबीची पिल्लं खातात. शिंपले स्वतःच पाणी गाळताना आपल्या जातीची पिल्लं गिळतात. काही प्रवाहाबरोबर खोल समुद्रात वाहून जातात. दोन-तीन आठवडे पाण्यात तरंगून झाल्यावर चिकटून बसायला खडक किंवा जुनी शिंप हवी. ती सापडली नाही तर सगळं मुसळ केरात. हा झाला निसर्गाचा रोजचा खर्च. माणसानं काहीही बिघडवलं नसतानाचा.

म्हणून पाच कोटी ही त्या मादीच्या गाठीची शिल्लक नाही. तो खर्चाचा अंदाज आहे, आणि जवळजवळ पै न पै आधीच कुणाच्या तरी नावे लिहिलेली आहे. शिल्लक फक्त दोन. त्या दोनाचे सरासरी दीड झाले तरी काय होतं पाहा. प्रत्येक पिढी आधीच्या पिढीच्या पाऊणपट भरेल. दहा पिढ्यांत शंभर कालवांची सहासुद्धा उरणार नाहीत. समुद्रावर उभं राहून पाहणाऱ्याला यातलं काहीच दिसणार नाही. मेलेल्या माशांचा खच पडेल, तसा न जन्मलेल्यांचा खच किनाऱ्यावर कधीच पडत नाही.

४८ तास

अंडं फळलं की घड्याळ सुरू होतं. पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत पिल्लाला स्वतःभोवती शिंप उभी करायची असते. पॅसिफिक कालवाचं पिल्लू या दोन दिवसांत इतका चुना घडवतं, की त्याच्या वजनाचा सुमारे ९० टक्के भाग नुसती शिंपच असते. तीन किलोच्या तान्ह्या बाळानं जन्मल्यापासून दोन दिवसांत, दूध न पिता, सत्तावीस किलोचं चिलखत अंगावर चढवावं, तेवढं हे काम. दूध न पिता म्हणायचं कारण, या काळात पिल्लाला अजून नीट खाता येत नाही. आईनं अंड्यात बांधून दिलेली शिदोरी एवढीच त्याची ताकद. शिदोरी थोडी कमी पडली, किंवा चुना घडवणं थोडं महाग झालं, की चिलखत अर्ध्यावर राहतं आणि पिल्लू तळाला जातं.

हे महाग होणं अमेरिकेच्या ओरेगन राज्यातल्या एका बीजकेंद्रानं फार जवळून पाहिलं. नेटार्ट्‌स नावाच्या उपसागराकाठी कालवांची पिल्लं वाढवून शेतकऱ्यांना विकणारं हे केंद्र, नाव व्हिस्की क्रीक. २००७ आणि २००८ मध्ये तिथल्या टाक्यांत कोट्यवधी पिल्लं मरून पडू लागली. आधी संशय जिवाणूंवर गेला. पुढे कळलं की दोष पाण्याचा आहे. आपण हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा मोठा हिस्सा समुद्र शोषतो, त्यानं पाण्याची आम्लता वाढते आणि शिंपेसाठी लागणारा चुना पाण्यातून ओढून घेणं कठीण होतं. खोलातलं असं पाणी वर आलं आणि थेट टाक्यांत शिरलं. उपाय शेवटी साधा निघाला: टाकीत येणाऱ्या पाण्यात धुण्याच्या सोड्याच्या जातीचा क्षार मिसळायचा. टाकीत ते जमलं. समुद्रात सोडा कोण आणि किती टाकणार?

औद्योगिक युग सुरू झाल्यापासून समुद्राच्या पृष्ठभागाचा पीएच साधारण ८.२ वरून ८.१ वर आला आहे. ऐकायला एक दशांश. पण पीएचची पट्टी साधी नाही, ती गुणाकाराची पट्टी आहे. या एक दशांशाचा अर्थ पाण्यातल्या आम्लकारी हायड्रोजन आयनांमध्ये सुमारे पंचवीस ते तीस टक्क्यांची वाढ, असा होतो. पुढे ही पट्टी ८.१ वरून ७.७ वर उतरली, तर तेच आयन अडीच पट होतील. आणि पिल्लाच्या हातात मात्र तेच अठ्ठेचाळीस तास.

१ नॅनोग्रॅम

आता मोठ्या आकड्यांकडून लहानांकडे येऊ, इतक्या लहान की त्यांची कल्पना करायलाही टँकर लागावेत.

खाण्याच्या मिठाचा एक बारीक कण साधारण ६० मायक्रोग्रॅमचा असतो. दहा हजार लिटरचे सहा टँकर घ्या आणि त्या सगळ्या पाण्यात मिळून तो एक कण विरघळवा. आता पाण्यात दर लिटरला एक नॅनोग्रॅम मीठ आहे. जगातली कुठलीही जीभ ते ओळखणार नाही. पण मिठाच्या जागी ट्रायब्युटिलटिन असेल, तर युरोपच्या खडकाळ किनाऱ्यावरची एक शंखातली गोगलगाय ते ओळखते, आणि त्याची किंमत वंशानं मोजते.

ट्रायब्युटिलटिन म्हणजे कथिलाचं एक संयुग. जहाजाच्या बुडाला शेवाळ आणि शिंपले चिकटू नयेत म्हणून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते रंगात मिसळलं जाई. रंगातून ते सावकाश पाण्यात झिरपे. लिटरमागे एक नॅनोग्रॅमच्या आसपास पोचलं, की त्या गोगलगायीच्या माद्यांना नराचं इंद्रिय फुटायला लागे. मात्रा आणखी वाढली की ते वाढून अंडी बाहेर पडायची वाटच बंद होई. मादीच्या पोटात अंडी तयार, पण बाहेर यायला दार नाही. इंग्लंडच्या प्लिमथ परिसरात हा विकार १९७० मध्ये पहिल्यांदा नोंदवला गेला आणि मग जगभरच्या बंदरांत सापडत गेला. १९९९ मध्ये दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी गोव्याच्या मुरगाव बंदरातल्या एका शंखात त्याची नोंद केली. त्या शंखाचं शास्त्रीय नाव क्रोनिया कोंकणेन्सिस. कोकणचं नाव लावणारा जीव, आणि त्याच्या माद्या नर होऊ लागलेल्या.

कालवांवर याच संयुगानं काय केलं, ते फ्रान्सच्या आर्काशोंनं दाखवलं. बोर्दो शहराजवळचा हा उपसागर कालवांच्या शेतीसाठी नावाजलेला, आणि हौशी बोटींसाठीही. १९७७ पासून तिथं कालवांची नवी पिल्लं धरेनाशी झाली. अंडी फळत, पण पिल्लं काही दिवसांतच मरत. जी मोठी कालवं होती त्यांच्या शिंपा जाड होऊन गोळ्यासारख्या फुगत. थरांच्या मध्ये चिकट द्रव भरलेल्या पोकळ्या. वर्षाला दहा ते पंधरा हजार टन निघणारं पीक १९८१ मध्ये तीन हजार टनांवर आलं. आर्काशोंकडे आपण शेवटी पुन्हा येणार आहोत.

५.३ मायक्रोग्रॅम

आपल्याकडे रात्री तांब्यात पाणी भरून ठेवायचं आणि सकाळी उठल्यावर प्यायचं, ही पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. पूजेचा कलश तांब्याचा, पळी-पंचपात्र तांब्याचं. आपल्या देहाला हा धातू थोडा लागतोच. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात तांब्याची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे ५० मायक्रोग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ती बरीच सैल होते.

पॅसिफिक कालवाच्या भ्रूणाला मात्र लिटरमागे ५.३ मायक्रोग्रॅम तांबं पुरतं. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत एवढ्या मात्रेला, पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत, निम्म्या भ्रूणांची वाढ बिघडली. आपण डोळे मिटून प्यावं त्या पाण्यातल्या तांब्याच्या नवव्या-दहाव्या हिश्श्यात त्यांचा अर्धा वंश सरला. ट्रायब्युटिलटिनवर जगभर बंदी आल्यानंतर बोटींच्या बुडाला लावायच्या रंगांत मुख्य विष म्हणून परत आलं ते तांबंच. आणि समुद्र जसा आम्ल होतो, तसा पाण्यातल्या तांब्याचा अधिक हिस्सा सुट्या, जिवाला बाधणाऱ्या रूपात येतो. म्हणजे सांडपाण्यातून आलेला धातू तेवढाच राहिला, तरी त्याची धार वाढते. इथं पहिल्यांदा दिसतं, की कार्बन डायऑक्साइडनं बिघडलेला समुद्र आणि घाण समुद्र ही दोन वेगळी दुखणी राहिलेली नाहीत.

३८ आणि ४१

२०१६ मध्ये फ्रान्सच्या ब्रेस्ट इथल्या संशोधकांनी कालवांना दोन महिने प्लॅस्टिकच्या अतिसूक्ष्म मण्यांच्या पाण्यात ठेवलं. मात्रा लिटरमागे ०.०२३ मिलिग्रॅम. दहा हजार लिटरच्या टँकरमध्ये पाव ग्रॅमसुद्धा होणार नाही, इतकं प्लॅस्टिक. खुल्या समुद्रात साधारणपणे इतकेही कण नसतात, हे खरं. पण निकाल वाचून थांबावं लागतं. माद्यांनी अंडी ३८ टक्के कमी बनवली. शुक्रजंतूंचा वेग २३ टक्के मंदावला. आणि त्या आईबापांच्या अंड्यांतून नीट शिंप धरलेली पिल्लं ४१ टक्के कमी निघाली.

हे आकडे सुटे वाचले तर ‘चाळीस टक्क्यांचा फटका’ असं मनात राहतं. पण ते एकामागून एक येतात. शंभर अंड्यांच्या जागी आधी बासष्टच अंडी. त्या बासष्टांतून पिल्लं पूर्वीच्या प्रमाणाच्या फक्त ५९ टक्के. ढोबळ गुणाकार केला तर शंभराच्या जागी सदतीस उरतात. शिवाय जी निघाली त्यांची वाढही मागे पडलेली, म्हणजे शत्रूंच्या तोंडी ती जास्त दिवस राहणार.

विशेष म्हणजे यात विषबाधा अशी फारशी नव्हती. प्लॅस्टिकचे मणी अन्नाच्या आकाराचे. कालव ते गिळतं, हाताळतं, बाहेर टाकतं, आणि या निरर्थक खटाटोपात शक्ती खर्ची पडते. ज्या शक्तीतून अंडी व्हायची, ती कचरा उपसण्यात जाते.

१६ आणि पुढे २१ शून्यं

आता सगळ्यात मोठा आकडा. २०२३ ते २०२४ या एका वर्षात जगातल्या समुद्रांच्या वरच्या दोन हजार मीटर पाण्यात जी जादा उष्णता साठली ती १६ झेटाज्यूल. सोळा लिहून पुढे एकवीस शून्यं. ही उष्णता जगानं वर्षभरात तयार केलेल्या सगळ्या विजेच्या सुमारे १४० पट भरते.

तरीही हा आकडा हाताला लागत नाही, म्हणून चहाचं आधण ठेवू. पृथ्वीवरच्या आठशे कोटींहून अधिक माणसांपैकी प्रत्येकानं, तान्ह्या बाळांसकट, दर सेकंदाला एक कप पाणी उकळावं. दर मिनिटाला साठ कप. झोपेतही. रात्रंदिवस, वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस. एवढी उष्णता होते ती सोळा झेटाज्यूल. आणि ही एका वर्षाची भर. हरितगृह वायूंनी पृथ्वीवर अडकवलेल्या जादा उष्णतेपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक समुद्र पोटात घेतो. हवा आपल्याला सुसह्य वाटते ती त्याच्या जिवावर.

हिंदी महासागर यात मागे नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासानुसार, १९७० ते २००० या काळात इथं वर्षाला सरासरी वीस दिवस समुद्री उष्णतेच्या लाटेचे असत. उत्सर्जन असंच चढत राहिलं तर या शतकाच्या अखेरीस असे दिवस २२० ते २५० होतील. लाट म्हणावी ती आलेली ओसरते म्हणून. वर्षाचे आठ महिने मुक्काम ठोकणाऱ्या गोष्टीला लाट तरी कसं म्हणायचं?

१५ टक्के

इतकी शून्यं असलेली उष्णता समुद्रभर पसरली, की कालवाच्या वाट्याला येते एक-दोन अंशांची वाढ. तेवढ्यानं काय होतं?

कालवाचं रक्त थंड. पाणी तापेल तसं त्याचं शरीर तापतं आणि शरीराचा कारभार वेग घेतो. अशा जिवांचा शक्तीचा खर्च दर दहा अंशांना साधारण दुप्पट होतो. त्या हिशेबानं दोन अंशांना पंधरा टक्के. घरात एक पैसा जास्त न येता किराणा, वीज, भाडं सगळं मिळून पंधरा टक्क्यांनी महागलं, तर आपण कुठे हात आखडता घेतो? जेवण सोडत नाही. लग्नकार्य पुढे ढकलतो. कालवही तेच करतं. श्वास चालू ठेवणं, शिंप दुरुस्त करणं टाळता येत नाही. अंडी घालणं टाळता येतं, किंवा घालायचीच तर कमी आणि कमी शिदोरीची घालता येतात. वर तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो. म्हणजे खर्च वाढला त्याच वेळी कमाईही घटली.

याच घरात आता प्रदूषण शिरतं. शिसं, कॅडमियम, तांबं अंगात आलं की कालव त्यांना बांधून ठेवणारी प्रथिनं बनवतं, आणि त्याला शक्ती लागते. कॅडमियम तर पेशीतल्या शक्तिकेंद्रांवरच घाव घालतं. ज्या भट्टीकडून उष्णता जास्त काम मागते, तीच भट्टी हा धातू मोडतो. आणि तापलेलं कालव पाणी जास्त उपसतं, म्हणून विषही जास्त ओढून घेतं. अमेरिकी कालवांवर इन्ना सोकोलोव्हा आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात २०, २४ आणि २८ अंशांची पाणी घेऊन त्यांत कॅडमियम मिसळलं होतं. पाणी जसं तापत गेलं तशी विष चढलेली कालवं जास्त मरत गेली. स्वच्छ पाण्यात जो उन्हाळा निभावता आला असता, तो घाण पाण्यात निभत नाही. आणि थंड पाण्यात जी घाण पचली असती, ती गरम पाण्यात पचत नाही.

ऋतूंची घडीही विसकटते ती वेगळीच. हॉलंडच्या वाडन समुद्रातल्या मॅकोमा नावाच्या शिंपल्याचा माग तिथल्या शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं ठेवला. सौम्य हिवाळ्यानंतर माद्या अंडी कमी घालतात आणि लवकर घालतात. पिल्लं बाहेर येतात तेव्हा पाण्यातलं सूक्ष्म वनस्पतींचं पीक अजून यायचं असतं. आणि पिल्लं खाणारी कोळंबी मात्र त्याच उबेनं लवकर हजर होते. ताटात अन्न नाही आणि दारात वाघ.

०.६४ × ०.६४ × ०.६४ × ०.६४ × ०.६४

आता सगळे धागे एकत्र बांधू. पुढचा हिशेब मोजलेला नाही, समजावा म्हणून मांडलेला आहे.

अंड्यापासून मोठ्या कालवापर्यंत पाच पायऱ्या धरा: अंडी तयार होणं, ती फळणं, शिंप धरणं, पाण्यात तरंगण्याचे आठवडे काढणं, आणि खडकाला चिकटून मोठं होणं. उष्णतेनं प्रत्येक पायरीवर नेहमी तगणाऱ्यांतली फक्त वीस टक्के आणखी गाळली, असं समजा. पाच वेळा ०.८ नं गुणलं की उरतात ३३ टक्के. केवळ प्रदूषणानं तेवढीच गळती केली तरी तेच, ३३. दोन्ही एकदम आली तर? प्रत्येक पायरीवर ०.८ गुणिले ०.८, म्हणजे ०.६४. पाच पायऱ्यांनंतर उरतात ११ टक्के. हेसुद्धा दोघांनी एकमेकांना मदत केली नाही असं धरून. पण कॅडमियम आणि उष्णता, तांबं आणि आम्लता एकमेकांना हात देतात, हे आपण पाहिलं. त्या मदतीनं प्रत्येक पायरीवर ०.६४ ऐवजी ०.५५ झालं, तर शेवटी राहतात पाच टक्के.

कुठल्याही एका पायरीवर उभं राहून पाहिलं तर नेहमीच्या निम्म्याहून जास्त पिल्लं जिवंत दिसतात. कुठेही संहार नाही. तरी जिन्याच्या टोकाला पोचणाऱ्या दोनाचे झालेत शून्य पूर्णांक एक. दहा जोडप्यांची जागा घ्यायला एक जोडपंही पुरतं येत नाही. पाच कोटींची संख्या याला वाचवत नाही, कारण गुणाकाराला सुरुवातीच्या आकड्याची भीड नसते. शेवटचा आकडा ठरतो पायऱ्यांवर.

१९० लिटर

एवढी काळजी एका शिंपल्यासाठी का, या प्रश्नाचं उत्तरही आकड्यातच आहे. चांगल्या स्थितीतलं एक मोठं कालव दिवसाला १९० लिटरपर्यंत पाणी गाळतं. आपल्या शहरांत पाणीपुरवठ्याचं नियोजन माणशी दिवसाला १३५ लिटर धरून होतं. म्हणजे तळहाताएवढा जीव, वीज न मागता, एका शहरी माणसाच्या रोजच्या पाण्याहून जास्त पाणी स्वच्छ करतो.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या चेसापीक उपसागराचा हिशेब रॉजर न्यूएल यांनी १९८८ मध्ये मांडला. १८७० च्या आधी तिथं जेवढी कालवं होती, ती सगळ्या उपसागराचं पाणी तीन ते सहा दिवसांत गाळून काढू शकत. उपसा, रोगराई आणि प्रदूषण यांनंतर उरलेल्या कालवांना त्याच कामाला तेव्हा जवळजवळ वर्ष लागे. जगभरातल्या कालवांच्या बेटांपैकी, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांच्या शिंपांवर शिंपा बसून तयार झालेल्या खडकांपैकी, ८५ टक्के नष्ट झाल्याचा अंदाज २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. आणि कालवं विरळ झाली की पाण्यात सोडलेलं अंडं आणि शुक्रजंतू यांची गाठच पडेनाशी होते. पाणी घाण म्हणून पिल्लं कमी, पिल्लं कमी म्हणून गाळणारे कमी, गाळणारे कमी म्हणून पाणी आणखी घाण. हा फेरा एकदा सुरू झाला की स्वतःच्याच वजनानं फिरतो.

१९८२

जानेवारी १९८२ मध्ये फ्रान्सनं पंचवीस मीटरपेक्षा लहान बोटींना ट्रायब्युटिलटिनचा रंग लावायला बंदी केली. आर्काशोंचा उपसागर तोच होता, कालवं तीच होती, बोटीही त्याच. फक्त एक पदार्थ पाण्यात यायचा थांबला. पुढच्या दोन-तीन वर्षांत पिल्लं पुन्हा धरू लागली, नव्या शिंपा नीट घडू लागल्या आणि शेती सावरली. पुढे २००८ मध्ये जगभरच्या जहाजांसाठी ही बंदी आंतरराष्ट्रीय कराराच्या रूपानं अमलात आली.

हे इतक्या लवकर का जमलं? कारण मादी दर हंगामाला पाच कोटी अंडी सोडतच होती. तिनं एक दिवसही काम थांबवलं नव्हतं. जो गुणाकार खाली जाताना निर्दय असतो, तोच वर येताना उदार असतो. पाच पायऱ्यांपैकी प्रत्येकीवरचं ०.६४ पुन्हा ०.८ झालं, तर शेवटी उरणारी पिल्लं ११ वरून ३३ वर जातात, तिप्पट. एकही अंडं जास्त न घालता.

समुद्रात साठलेली उष्णता आपण उद्या काढून घेऊ शकत नाही. सगळ्या जगानं आज धूर थांबवला तरी ती दशकानुदशकं राहील. म्हणून धूर कमी करण्याची घाई एका दिवसानंही ढिली होता कामा नये. पण गुणाकारातला दुसरा आकडा असा दूरचा नाही. खाडीत प्रक्रिया न करता सोडलेलं सांडपाणी, रासायनिक वसाहतीतून रात्री उघडणारा पाइप, नदीतून वाहत आलेलं प्लॅस्टिक, बोटीच्या बुडाचा रंग, हे सगळं कुणीतरी, कुठल्यातरी पत्त्यावरून सोडलेलं असतं. ते थांबवायला पॅरिसची हवामान परिषद लागत नाही. नगरपालिका, प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि खाडीकाठचं गाव पुरतं. तापणाऱ्या समुद्रात तगून राहण्यासाठी कालवाला आणि तिसरी-शिनाण्यासारख्या इतर शिंपल्यांना आपण देऊ शकतो ती सवलत एकच: निदान पाणी तरी घाण असू नये.

ओहोटीला खडकावर बसलेल्या बाईच्या भांड्यात दोन-चार मुठी मांस जमतं. त्यातल्या प्रत्येक कालवानं साडेबारा कोटींत एक अशी पैज जिंकलेली असते, आणि पाण्याखाली उरलेली कालवं या हंगामात पुन्हा पाच कोटींचा डाव मांडणार असतात. त्यांनी आपल्याकडे संख्या कधीच मागितली नाही. ती त्यांच्याकडे उदंड आहे. त्यांना हवेत ते अठ्ठेचाळीस स्वच्छ तास.